टेक्ससमधील हँडगन बाळगण्याचे कायदे : परवान्याशिवायची मुभा नेमकी कोणाला आणि कुठे?

धागाकर्ता (फ्रिस्को)

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून हँडगन सोबत बाळगण्यासाठी राज्याचा परवाना सक्तीचा राहिलेला नाही, हे आता इथे राहणाऱ्या आपल्यासारख्या भारतीयांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु तेवढ्याच माहितीवर विसंबून आपल्या ओळखीतील काही जण पिस्तूल विकत घेतात, गाडीच्या कप्प्यात ठेवतात किंवा सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जातात, आणि आपल्या व्हिसामुळे हीच कृती फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालील, गुन्हा ठरू शकते याची त्यांना कल्पना नसते. मी वकील नाही. मात्र राज्याच्या दंडसंहितेचे ४६ वे प्रकरण मी मुळातून वाचले आहे, आणि आपल्या लोकांच्या परिस्थितीला ते कसे लागू होते हे एका ठिकाणी मांडण्याची गरज मला फार दिवस वाटत होती.

हा कायदा समजून घ्यायचा तर तो आजच्या रूपाला कसा आला हे आधी पाहावे लागते. टेक्सस म्हणजे पहिल्यापासून कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांचे राज्य, ही समजूत खरी नाही. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात, १८७१ मध्ये, याच राज्याने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगण्यावर बंदी घातली आणि ती थोड्याफार अपवादांसह जवळजवळ सव्वाशे वर्षे टिकली. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातील लूबीज या खानावळीत एका हल्लेखोराने २३ जणांना ठार मारले. त्या वेळी तिथे जेवत असलेल्या सुझाना हप यांनी कायद्याचा भंग होऊ नये म्हणून आपले पिस्तूल बाहेर गाडीत ठेवले होते, आणि त्या हल्ल्यात त्यांचे आईवडील मारले गेले. पुढे त्या राज्याच्या विधिमंडळात निवडून गेल्या. त्यांची साक्ष हा परवाना-पद्धतीच्या मागणीचा मुख्य आधार ठरला. गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी १९९३ मध्ये या विषयावरील विधेयक नाकारले, पुढच्या वर्षी त्या निवडणूक हरल्या, आणि १९९५ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी लपवून बाळगण्याच्या परवान्याचा कायदा मंजूर केला. १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना पिस्तूल उघडपणे होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, लावण्याची मुभा मिळाली आणि परवान्याचे नाव ‘लायसन्स टू कॅरी’, म्हणजे एलटीसी, झाले. त्यानंतर २०२१ मध्ये एचबी १९२७ या विधेयकाने परवान्याची सक्तीच काढून टाकली.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. १९९५ च्या पद्धतीत राज्य आधी तुमची पार्श्वभूमी तपासत असे, तुम्हाला वर्गात बसवून कायदा शिकवत असे आणि मगच हातात कार्ड देत असे. आता ती सगळी जबाबदारी बाळगणाऱ्यावर आली आहे. आपण पात्र आहोत की नाही, या इमारतीत शस्त्र चालते की नाही, दारावरच्या पाटीचा अर्थ काय, हे त्याने स्वतः जाणून घ्यायचे आहे, आणि चूक झाली तर ‘मला कोणी सांगितले नव्हते’ हा बचाव न्यायालयात टिकत नाही.

पात्रतेच्या अटी अशा आहेत. दंडसंहितेनुसार व्यक्ती किमान २१ वर्षांची असावी. राज्याच्या किंवा फेडरल कायद्याने तिला शस्त्र बाळगण्यास मनाई नसावी. मारहाण करून इजा करणे, प्राणघातक ठरू शकणारे बेपर्वा वर्तन, दहशत बसवणारी धमकी, सार्वजनिक ठिकाणी शस्त्र दाखवून भीती पसरवणे, अशा ठरावीक किरकोळ गुन्ह्यांसाठी गेल्या पाच वर्षांत शिक्षा झालेली नसावी. पिस्तूल एकतर पूर्ण झाकलेले असावे किंवा होल्स्टरमध्ये असावे. उघडे पिस्तूल पँटच्या पट्ट्यात खोचून फिरणे आजही गुन्हा आहे. दारूच्या अमलाखाली, स्वतःच्या घराबाहेर आणि गाडीबाहेर, ते बाळगता येत नाही. वयाच्या अटीबाबत एक भर घालायला हवी. ऑगस्ट २०२२ मध्ये फोर्ट वर्थ येथील फेडरल न्यायाधीशांनी १८ ते २० वर्षे वयाच्या प्रौढांना केवळ वयावरून रोखणे घटनाबाह्य ठरवले, आणि राज्याने त्याविरुद्धचे अपील मागे घेतले.

ठिकाणांची यादी ४६.०३ या कलमात आहे. शाळा, मतदान केंद्र, न्यायालय, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग, व्यावसायिक व महाविद्यालयीन क्रीडासामने आणि तुरुंग ही त्यांतील मुख्य ठिकाणे. ज्या बारचे ५१ टक्के किंवा त्याहून अधिक उत्पन्न तिथेच बसून प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येते, तेथेही सर्वांना मनाई आहे आणि दारावर मोठ्या लाल अक्षरांत ५१ टक्क्यांची पाटी असते. तिकडे दुर्लक्ष करून आत जाणे हा तिसऱ्या श्रेणीचा फेलनी, म्हणजे गंभीर, गुन्हा असून त्याला २ ते १० वर्षे कैद होऊ शकते. ज्या उपाहारगृहात दारू मिळते पण मुख्य उत्पन्न जेवणाचे आहे, तिथे ही बंदी लागू नाही.

उरली खासगी जागा. तिथे मालकाची इच्छा चालते, पण ती कायद्याने ठरवलेल्या भाषेत व्यक्त व्हावी लागते. दंडसंहितेच्या ३०.०५ या कलमाची पाटी परवाना नसलेल्यांना शस्त्रासह आत येण्यास मनाई करते. ३०.०६ ची पाटी परवाना असलेल्यांना लपवून आणण्यास, आणि ३०.०७ ची परवाना असलेल्यांना उघडपणे आणण्यास मनाई करते. मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, ठळक विरोधी रंगात आणि किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत असावा लागतो. म्हणजे एखाद्या दुकानावर फक्त ३०.०५ ची पाटी असेल तर परवानाधारक पिस्तुलासह आत जाऊ शकतो, बिनपरवाना व्यक्ती जाऊ शकत नाही. पाटी न जुमानता आत जाण्याचा दंड २०० डॉलरपर्यंतच असतो. मात्र कोणी तोंडी सांगूनही बाहेर पडण्यास नकार दिला, तर तोच गुन्हा ‘क्लास ए’, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांतील सर्वांत वरच्या श्रेणीचा, होतो आणि एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

कोणाचे प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत. विशिष्ट प्रकरणासाठी मात्र वकिलाचाच सल्ला घ्यावा.

प्रतिसाद : प्लेनोकर

अत्यंत आवश्यक धागा. माझा प्रश्न शूटिंग रेंजबद्दल आहे. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. कार्यालयातील सहकारी मला रेंजवर घेऊन गेले होते. तिथे ड्रायव्हिंग लायसन्स पाहिले, एका फॉर्मवर सही घेतली आणि भाड्याने पिस्तूल दिले. मी काही विकत घेतले नाही आणि काही घरीही आणले नाही. मग यात अडचण असू शकते का?

धागाकर्ता

अडचण आहे, आणि आपल्या समाजाच्या दृष्टीने या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. फेडरल संहितेच्या १८ व्या शीर्षकातील ९२२ (जी)(५)(बी) हे कलम नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर प्रवेश घेतलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई करते. एच-वन-बी व एल-वन (नोकरी), एच-फोर (कुटुंबीय), एफ-वन (शिक्षण), बी-टू (भेट) हे सर्व व्हिसा त्यात येतात. येथे मालकीचा प्रश्नच नाही. रेंजवर दहा मिनिटांसाठी हातात घेतलेले भाड्याचे पिस्तूलही बाळगणेच ठरते. रेंजच्या माणसाने विचारले नाही म्हणून गुन्हा नाहीसा होत नाही. जून २०२२ च्या फेडरल कायद्यानंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वरून १५ वर्षांवर गेली आहे, आणि स्थलांतर कायद्यानुसार शस्त्रविषयक गुन्ह्यातील दोषसिद्धी हे देशाबाहेर काढण्याचे स्वतंत्र कारण आहे.

हे केवळ पुस्तकातले नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला रिहाइफ विरुद्ध अमेरिका हा २०१९ चा खटला पाहावा. संयुक्त अरब अमिरातीतून विद्यार्थी व्हिसावर फ्लोरिडात आलेल्या तरुणाला गुण कमी पडल्यामुळे विद्यापीठाने काढून टाकले, त्याची वैध स्थिती संपली, आणि त्यानंतर तो शूटिंग रेंजवर गेला. तेवढ्यावरून त्याच्यावर फेडरल खटला झाला. आपली स्थिती काय आहे हे आरोपीला माहीत होते, हे सरकारने सिद्ध करायला हवे, असे न्यायालयाने ठरवले. या निकालाचा आपल्याला फारसा उपयोग नाही, कारण आपण एच-वन-बीवर आहोत हे आपल्यापैकी प्रत्येकाला पक्के ठाऊक असते.

याला काही अपवाद आहेत. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने कायदेशीररीत्या दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. परंतु ‘शंभरएक डॉलर भरून शिकारीचा परवाना काढला की झाले’ अशी जी शिफारस तोंडोतोंडी फिरते, तिच्यावर आपले ग्रीन कार्ड पणाला लावू नये. ग्रीन कार्डच्या रांगेत आपले लोक दहा-पंधरा वर्षे उभे आहेत. तो अर्ज प्रलंबित आहे एवढ्यावरून ही बंदी उठत नाही. कायम रहिवासी झाल्यावर ती उठते. तोवर रेंजचे आमंत्रण नम्रपणे नाकारावे असे माझे स्पष्ट मत आहे. आपण पूर्वी गेला असाल, तर त्याबद्दल येथे अधिक काही लिहू नये. स्थलांतर कायदा आणि फौजदारी कायदा या दोन्हींची जाण असलेल्या वकिलाशीच बोलावे.

प्रतिसाद : शुगरलँडची रहिवासी

आमच्या घरी थोडी वेगळी परिस्थिती आहे. माझे यजमान अमेरिकेचे नागरिक आहेत आणि त्यांच्याकडे रीतसर विकत घेतलेले पिस्तूल आहे. माझे ग्रीन कार्ड आहे. दरवर्षी माझे सासूसासरे साताऱ्याहून भेटीच्या व्हिसावर सहा महिने येऊन राहतात, आणि घरात नऊ वर्षांचा मुलगाही आहे. पिस्तूल शयनगृहातील कपाटाच्या वरच्या फळीवर असते. सासूसासऱ्यांच्या व्हिसामुळे काही प्रश्न उद्भवू शकतो का?

धागाकर्ता

ताई, आपण हे विचारलेत ते फार बरे झाले. त्याच छताखाली राहणे म्हणजे बाळगणे नव्हे. परंतु फेडरल न्यायालये प्रत्यक्ष हातात असण्याखेरीज दुसऱ्या प्रकारचा ताबाही मानतात. वस्तू कुठे आहे हे व्यक्तीला ठाऊक असणे आणि मनात आले तर ती वापरता येण्याची शक्ती व इरादा असणे, यावरून तो ठरवला जातो. म्हणून पाहुणे असताना, किंबहुना नेहमीसाठीच, पिस्तूल कुलूपबंद तिजोरीत ठेवावे आणि किल्ली किंवा सांकेतिक क्रमांक फक्त यजमानांकडे असावा. सासऱ्यांना ‘जरा हातात घेऊन बघा’ असे कौतुकाने देऊ नये आणि तसे छायाचित्र तर मुळीच काढू नये.

मुलाच्या बाबतीत राज्याचाच कायदा आहे. ४६.१३ या कलमानुसार भरलेले शस्त्र निष्काळजीपणे ठेवल्यामुळे ते १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागले, तर तो गुन्हा आहे. मुलाने ते उडवून कोणाला गंभीर इजा किंवा मृत्यू झाला तर तो ‘क्लास ए’ होतो. पण कलमाचा विचार बाजूला ठेवला तरी नऊ वर्षांचे मूल खुर्चीवर चढून कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत पोहोचते. कृपया आजच तिजोरी घ्या.

प्रतिसाद : डेंटनचा प्रशिक्षक

मी अमेरिकेचा नागरिक असून एलटीसीचा प्रमाणित प्रशिक्षक म्हणून काम करतो. धागाकर्त्यांनी मूळ मुद्दे नेमके मांडले आहेत. मला एवढेच आग्रहाने सांगायचे आहे की सक्ती गेली असली तरी जो पात्र आहे आणि खरोखर पिस्तूल बाळगणार आहे, त्याने परवाना काढावाच. परवाना-पद्धत बंद झालेली नाही. अर्जाचे शुल्क २०१७ मध्ये १४० डॉलरवरून ४० डॉलर केलेले आहे. चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि तीन, सात व पंधरा यार्डांवरून ५० गोळ्यांची नेमबाजी-चाचणी असते; त्यात २५० पैकी १७५ गुण लागतात. सराव केलेल्या माणसाला हे अवघड नाही.

परवान्याचे सर्वांत मोठे कारण शाळा हे आहे. फेडरल कायदा शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत शस्त्र बाळगण्यास मनाई करतो, आणि त्या राज्याने दिलेला परवाना ज्याच्याकडे आहे त्याला त्यातून सूट देतो. परवाना नसलेल्याला शस्त्र रिकामे करून कुलूपबंद पेटीत ठेवावे लागते. प्लेनो, फ्रिस्को, केटी यांसारख्या उपनगरांचा नकाशा पाहावा. शाळेच्या १००० फुटांत न येता किराणा दुकानापर्यंत जाणेही कठीण आहे. मुलांना शाळेतून आणायला गेलेला, परवाना नसलेला पालक भरलेले पिस्तूल गाडीत ठेवून रांगेत उभा असेल, तर राज्याच्या कायद्याने तो निर्दोष आणि फेडरल कायद्याने गुन्हेगार ठरतो. या कायद्याची कथाही टेक्ससचीच आहे. सॅन अँटोनियोतील एका विद्यार्थ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मूळ कायदा रद्द केला होता, आणि काँग्रेसने आंतरराज्य व्यापाराची अट घालून पुढच्याच वर्षी तो पुन्हा आणला.

दुसरे कारण विमानतळ. २०२३ मध्ये टीएसएने, म्हणजे विमानतळांवर सुरक्षा तपासणी करणाऱ्या फेडरल यंत्रणेने, देशभरातील तपासणी-नाक्यांवर ६,७३७ बंदुका पकडल्या आणि त्यांत अटलांटाखालोखाल डॅलस-फोर्ट वर्थ व ह्यूस्टनचा क्रमांक होता. यांतील बहुतेक लोक पिस्तूल पिशवीत असल्याचे विसरून गेलेले असतात. नाक्यावर लक्षात आणून दिल्याबरोबर लगेच बाहेर पडणाऱ्याला राज्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते परवानाधारकालाच आहे. टीएसएचा दिवाणी दंड मात्र दोघांनाही भरावा लागू शकतो.

तिसरे कारण राज्याची सीमा. परवान्याशिवायची टेक्ससची मुभा टेक्ससपुरती आहे. न्यू मेक्सिकोसह अनेक राज्ये टेक्ससचा परवाना मान्य करतात, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क करत नाहीत. प्रवासापूर्वी वाटेतील प्रत्येक राज्याचा नियम पाहणे अपरिहार्य आहे.

प्रतिसाद : ऑस्टिनमधील विद्यार्थी

विद्यापीठाच्या आवाराबद्दल कोणी स्पष्ट करू शकेल का? आमच्या वर्गात यावर सतत चर्चा होते, पण माहिती प्रत्येकाची निराळी असते.

प्रतिसाद : डेंटनचा प्रशिक्षक

एसबी ११ हा कायदा १ ऑगस्ट २०१६ रोजी सरकारी विद्यापीठांना लागू झाला. तुमच्याच विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून झालेल्या १९६६ च्या गोळीबाराला त्या दिवशी बरोबर ५० वर्षे पूर्ण होत होती. या कायद्यानुसार आवारातील इमारतीत फक्त परवानाधारक, आणि तेही पूर्ण झाकलेले पिस्तूलच, नेऊ शकतो. २०२१ ची बिनपरवाना मुभा तेथे लागू नाही. विद्यापीठाला काही विशिष्ट जागा वगळण्याचा अधिकार आहे, त्यामुळे आपल्या विद्यापीठाचे नियम वाचावेत. खासगी विद्यापीठांना पूर्ण नकार देता येतो. राइस, बेलर, एसएमयू यांनी तसे केले आहे. तुम्ही एफ-वन व्हिसावर असाल तर धागाकर्त्यांनी वर सांगितलेली फेडरल बंदी आधी लागू होते आणि पुढचा विचारच उरत नाही.

प्रतिसाद : ॲलनची आई

मी या विषयाकडे वेगळ्या बाजूने पाहते. ६ मे २०२३ रोजी आमच्या गावातील आउटलेट मॉलमध्ये आठ जण मारले गेले, आणि त्यांत भारतातून आलेली एक तरुण अभियंता होती. त्यानंतर आमच्या ओळखीच्या काही कुटुंबांनी पिस्तूल घेतले आणि काहींनी गर्दीच्या कार्यक्रमांना जाणेच सोडले. दोघांचीही भीती मला समजते. मला कोणाच्या घटनादत्त हक्काबद्दल वाद घालायचा नाही. आमच्या गणेशोत्सवात सहा-सातशे माणसे असतात, त्यांत निम्मी मुले. त्या कार्यक्रमात कोणी पिस्तूल आणू नये असे मंडळाला वाटत असेल, तर कायद्याने काय करता येते, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

धागाकर्ता

आपल्या प्रश्नाचे उत्तर सभागृह कोणाचे आहे यावर संपूर्णपणे अवलंबून आहे. शाळेचे सभागृह भाड्याने घेतले असेल तर शाळेच्या इमारतीत आधीच सर्वांना मनाई आहे, परवाना असो वा नसो. मंदिराचे सभागृह असेल तर ते खासगी जागेप्रमाणेच मानले जाते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रार्थनास्थळांचा वेगळा दर्जा राहिलेला नाही, आणि विश्वस्तांनी पाट्या लावल्या नाहीत तर परवानाधारकाला तिथे मुभा आहे, हे अनेक विश्वस्तांना ठाऊक नसते. हॉटेल किंवा खासगी बँक्वेट हॉल असेल तर त्याच्या मालकाशी करार करतानाच याबद्दल बोलावे. तिन्ही पाट्या, म्हणजे ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७, प्रत्येक प्रवेशद्वारावर लावाव्यात. बंदुकीच्या चित्रावर लाल रेघ मारलेली पाटी परवानाधारकांना बंधनकारक ठरत नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नये.

सर्वांत अवघड बाब नगरपालिकेच्या सभागृहाची किंवा उद्यानाची आहे. सरकारी मालकीच्या जागेत परवानाधारकांना पाटी लावून रोखण्याचा अधिकार कायद्याने सरकारी संस्थेला नाही, आणि तसे केल्यास राज्याचे ॲटर्नी जनरल त्या संस्थेवर दंडाची कारवाई करू शकतात. पण त्याच जागेत खासगी संस्था कार्यक्रम करत असेल तर काय, यावर २०२४ मध्ये मोठा वाद झाला. डॅलस शहराच्या मालकीच्या फेअर पार्कमध्ये भरणाऱ्या राज्य जत्रेच्या आयोजकांनी, आदल्या वर्षी जत्रेत गोळीबार झाल्यामुळे, सर्वांना शस्त्रबंदी केली. ॲटर्नी जनरलनी दावा लावला, आणि जत्रेच्या तोंडावर टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला तातडीची स्थगिती देण्यास नकार दिला. शहराने आणि संस्थेने ही मनाई संगनमताने केली की संस्थेने स्वतःच्या अधिकारात, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. माझा सल्ला असा की मंडळाने शक्यतो खासगी सभागृह किंवा शाळा निवडावी.

प्रतिसाद : पुण्याचा वाचक

माझी मुलगी आणि जावई डॅलसला असतात म्हणून हा धागा लक्षपूर्वक वाचत आहे. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना मिळवायचा तर शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, कारण द्यावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात. तिथल्या मंडळींसाठी एक सूचना करतो. रेंजवर नेलेली पाठपिशवी घेऊन भारतात येऊ नका. शिवणीत अडकलेले एक काडतूस जरी मुंबईच्या किंवा दिल्लीच्या विमानतळावर सापडले, तरी शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. काडतूस असल्याची जाणीव नव्हती या आधारावर उच्च न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केलेले आहेत, पण तोवर विमान, रजा आणि मनःशांती सारेच जाते.

प्रतिसाद : प्लेनोकर

काका, ही सूचना मोलाची आहे. अजून एक प्रश्न. ग्रीन कार्ड असलेल्या माझ्या मित्राच्या गाडीत पिस्तूल असते. मी शेजारी बसलेलो असताना पोलिसांनी गाडी थांबवली तर काय करावे?

प्रतिसाद : डेंटनचा प्रशिक्षक

चालकाने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवावेत. परवानाधारकाच्या अंगावर किंवा हाताशी पिस्तूल असेल आणि अधिकाऱ्याने ओळखपत्र मागितले, तर ड्रायव्हिंग लायसन्सबरोबर एलटीसी दाखवणे कायद्याने आवश्यक आहे. परवाना नसलेल्यावर तसे कलमी बंधन नाही, तरीही शांतपणे ‘गाडीत पिस्तूल आहे, अमुक ठिकाणी आहे’ एवढे सांगून पुढील सूचनेची वाट पाहावी. कागदपत्रे काढण्यासाठी पिस्तूल असलेल्या कप्प्यात हात घालू नये, म्हणून ती दोन्ही एका ठिकाणी ठेवूच नयेत. गाडीत पिस्तूल नजरेस पडत असेल तर ते होल्स्टरमध्ये हवे. सुरक्षेसाठी अधिकारी ते तात्पुरते ताब्यात घेऊ शकतो. त्या वेळी वाद घालू नये.

आपल्या बाबतीत मात्र मित्राला एक विनंती करावी. आपण गाडीत बसणार असाल त्या दिवशी पिस्तूल त्याच्या अंगावर किंवा मागच्या डिकीत कुलूपबंद असावे; आपल्या गुडघ्यासमोरच्या कप्प्यात नसावे. मित्र दुकानात गेला आणि आपण एकटेच गाडीत उरलात, तर ते कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न तेवढ्यानेही उभा राहू शकतो.

प्रतिसाद : शुगरलँडची रहिवासी

यजमानांशी बोलले. बोटाच्या ठशाने उघडणारी तिजोरी मागवली आहे. त्यांच्या कंपनीच्या नियमपुस्तिकेत शस्त्रबंदी आहे आणि ते कधी कधी पिस्तूल गाडीत ठेवून कामावर जातात, त्याचे काय?

धागाकर्ता

२०११ च्या कामगारविषयक दुरुस्तीनुसार, कर्मचाऱ्याने स्वतःच्या कुलूपबंद गाडीत कायदेशीररीत्या ठेवलेल्या शस्त्राला वाहनतळावर मनाई करण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे मालकाला नाही. इमारतीच्या आत मनाई करण्याचा अधिकार त्याला आहे. कंपनीच्या मालकीच्या गाडीला हे संरक्षण लागू नाही, आणि रासायनिक व तेलशुद्धीकरण प्रकल्पांसाठी काही अपवाद आहेत. आपल्या भागात असे प्रकल्प पुष्कळ असल्याने यजमानांचे कामाचे ठिकाण त्यांत मोडते का, हे त्यांनी पाहावे.

प्रतिसाद : ॲलनची आई

कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही खासगी सभागृह निश्चित केले. मालक तिन्ही पाट्या दोन्ही दारांवर लावण्यास तयार आहेत. दारावर उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांनी कोणाच्या कमरेला पिस्तूल पाहिले तर नेमके काय बोलावे?

धागाकर्ता

स्वयंसेवकाने वाद न घालता, आवाज न चढवता, ‘या सभागृहात शस्त्र आणण्यास मनाई आहे, कृपया आपण ते गाडीत ठेवून या’ एवढेच सांगावे आणि सोबत दुसरा साक्षीदार असावा. हे सांगण्याचा अधिकार सभागृहाच्या मालकाने मंडळाला दिला आहे असे करारात एका ओळीत लिहून घ्यावे. अशी तोंडी सूचना परवानाधारक आणि बिनपरवाना या दोघांनाही लागू होते. बहुतेक माणसे लगेच मान्य करतात. कोणी नकार दिला तर स्वयंसेवकाने त्याच्या अंगाला हात लावू नये, त्याची वाट अडवू नये. बाजूला होऊन पोलिसांना फोन करावा. उत्सवाच्या आधी स्थानिक पोलीस ठाण्याला कार्यक्रमाची तारीख व वेळ कळवली, तर बंदोबस्तासाठी सेवेबाहेरच्या वेळेत मानधनावर येणारे पोलीस अधिकारीही मिळू शकतात. सहा-सातशे माणसांच्या कार्यक्रमासाठी दोन अधिकारी मागावेत.